मु. पो. रेडिंग

यंदाही नाही मिळालं.
सॉर्टिंग ऑफिसात पहाटे पावणेसहाला
ग्रॅहम पिंचबेकने चहाचा मग आपटत सांगितलं:
राणीनं दुसऱ्यांना दिलं, आपण टाउनच राहिलो.
दोन नद्या, बिस्किटांचा बंद पडलेला कारखाना,
पडक्या मठाच्या भिंती, स्टेशनापुढे काचेच्या इमारती,
दीड लाखाच्या वर माणसं,
तरी टाउन.
तिकडे वेल्समध्ये वाडीएवढी एक वस्ती
सिटी म्हणून मिरवते,
तिथं कॅथीड्रल आहे ना!

मी ऑक्सफर्ड रोडच्या गठ्ठ्यांना रबरबँड लावत होते.
म्हटलं, टाउन म्हणजे नेमकं काय रे?
ग्रॅहम शब्दकोडी सोडवतो,
त्याच्या पिशवीत सँडविचशेजारी शब्दकोश असतो.
कुंपण, तो म्हणाला.
जुन्या भाषेत आधी नुसतं कुंपण,
मग कुंपणाच्या आत जे जे असेल ते.
जर्मनांच्यात अजून त्याचा अर्थ कुंपणच.

मी काही बोलले नाही.
माझा आजा वेसकर होता.
गावकुसाच्या दाराशी रात्रभर जागायचा,
दिवेलागणीला अडसर घालायचा
आणि घालून झाला की
स्वतः बाहेर उरायचा.
घुंगराची काठी घेऊन
चार-चार कोस मैताचा सांगावा न्यायचा,
उंबऱ्यापासून दहा पावलं लांब थांबून
ओरडून सांगायचा कोण गेलं ते.
गाव म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.
त्याला तोंडपाठ होतं.

आता मी रोज साडेपाचशे दारं करते.
प्रत्येक फाटकाची कडी निराळी:
एक उचलून डावीकडे,
एक गुडघ्यानं ढकलायची,
एकीला तारेचा वेढा, कुत्र्यासाठी.
पितळी फटीतून चार बोटं आत घालते,
कुणाचं वीजबिल, कुणाचा दवाखाना,
कधी काळ्या काठाचं पाकीटही.
तेव्हा उगाच दहा पावलं मोजते मनात,
आणि दारापर्यंत जाते.

सुभेदार गुरुंग पेन्शनच्या पत्रासाठी
दारातच उभे असतात, कानटोपी घालून.
त्यांना बातमी सांगितली.
हसले. म्हणाले, नाही तर नाही, बहिणी,
नळाला पाणी तर येतं ना?

रात्री मीही शब्द उकरत बसले.
शहर फारसीतून आलं, मुळात त्याचा अर्थ राज्य,
आपल्या क्षत्राचं चुलत भावंड.
म्हणजे राणीची सही लागते ते बरोबरच की.
सिटी त्याहून वेगळी:
दगड नाही, घुमट नाही,
एकमेकांत मोजली गेलेली माणसं.
ग्रॅहमला हे सांगितलं पाहिजे,
कॅथीड्रलवरून फार कुढतो तो.
आणि गाव? गाव म्हणजे ग्राम.
ग्राम ही आधी जागाच नव्हती!
गाड्या-गुरांसकट चालणारा जमाव,
रात्र पडेल तिथं थांबणारा.
कूस नंतर बांधलं कुणीतरी.
हे शाळेत का नाही सांगितलं, गुरुजी?
नकाशात गावं रंगवताना
आमची वस्ती कुठं काढायची, विचारलं होतं मी.
तुम्ही खडू शोधत राहिलात.

शुक्रवारी माझ्याच गठ्ठ्यात
जामखेडहून भावाचं पार्सल निघालं,
शेंगदाण्याची चटणी, पाकिटातून तेल सुटलेलं.
वर स्केचपेननं ठसठशीत:
मु. पो. रेडिंग, ता. जि. लंडन.
ग्रॅहमनं विचारलं, हे दोन शब्द काय?
मुक्काम, पोस्ट.
म्हणजे सध्या कुठं थांबलाय,
आणि टपाल कुठं टाकायचं.
एवढंच? तो म्हणाला.
दर्जा कुठं लिहायचा मग?

माझ्या घराला फाटक नाही.
आधीच्या भाडेकरूनं काढून नेलं,
खांबावर दोन बिजागऱ्या तेवढ्या राहिल्यात, गंजक्या.
पावणेदोनला मी तिथं पोचले,
सवयीनं हात कडीकडे गेला.