गुरुवारचं पान

सत्काराच्या पत्रिकेत छापलंय, 'यांनी शोध लावला'.
मी पेनानं 'लावला' खोडलं,
एकच रेघ, खालचं वाचता यावं अशी.
वहीतही असंच खोडत आले. रबर कधी ठेवलंच नाही.
ठेच लागते, तहान लागते, डोळा लागतो,
शोधही तसाच लागतो.
लावायची आपण फार तर दाराला कडी.

डबा ठोकून दिला केरोबा तांबटानं,
तांबट आळीत, घंघाळांच्या कलकलाटात.
'बाई, यात शिजवायचं काय?'
काही नाही, म्हटलं. हवा भरून ठेवायची.
रिकाम्या भांड्याचे त्यानं सव्वा रुपये कमी घेतले.

सराफ बाजारातून सोन्याचा वर्ख आणला,
श्वास धरून त्याची दोन पानं आत टांगली.
विजेचा भार दिला की पानं फाकायची,
मग मिटत जायची, सावकाश.
किती वेळात मिटली, एवढंच लिहायचं.
पहाटे चारला. दुपारी चारला.
सिंहस्थात सगळं गाव रामकुंडाकडे लोटलं,
मी कॉलेजच्या तळघरात, घड्याळाशी.
वडिलांच्या तेराव्यालाही चारचा आकडा आहे.
त्याचा अभिमान नाही.
नोंद आहे.

अकराव्या महिन्यात दिसलं,
दर गुरुवारी पानं लवकर मिटतात.
रात्रभर झोप नाही.
ग्रह, चंद्र, गोदेचं पाणी, काय काय जुळवलं मी!
निबंध लिहिला, पाकीट चिकटवलं,
तिकिटासाठी मुनीर शिपायाला हाक मारली.
तो दारातच थबकला.
'बाई, गुरुवारी मी शेजारच्या खोलीत ऊद जाळतो.
त्यानं तर काही होत नसेल?'

निखारा. धूर. भारलेली हवा.
शाळेतल्या पोराला कळावं इतकं सोपं.
कानापर्यंत तापले मी,
मग हसले, मग रडले. क्रम असाच होता, बदलून सांगत नाही.

ऊद बंद करा, असं जिभेवर आलं होतं.
गिळलं.
म्हटलं, जाळा, पण वाटेल त्या वारी.
आणि कधी जाळलात ते मला सांगू नका,
मी विचारलं तरी.
आठ महिने तो भिंतीवर कोळशानं रेघा मारत राहिला,
मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.
सांगते, ती तीन ढांगांची वाट
अंजनेरीच्या चढापेक्षा अवघड होती.

मग एका रविवारी जमिनीवर बसलो,
माझी वही आणि त्याची भिंत.
सत्तेचाळीस दिवस जुळले.
तीन उरले.
ऊद नाही, निखारा नाही, तरी पानं मिटलेली,
आणि तिन्ही दिवशी वायुभारमापकाचा पारा खाली.
हवेचा भार उतरला की
पायाखालचा काळा पाषाण भेगांतून श्वास सोडत असावा.
'असावा' लिहिलं तेव्हा.
'आहे' लिहायला एकोणीस वर्षं लागली.

पुढे ती भिंत रंगवली कोणी.
मुनीरच्या रेघा मी वहीत उतरवून घेतल्या होत्या.
परवा पुन्हा मोजल्या,
एक जास्त भरते.
त्याच्या हातची की माझ्या,
विचारायला तो नाही.

पत्रिका ठेवा तिकडे.
चार वाजायला आलेत.