सिंगल शॉट

अंबडच्या शेडमध्ये रात्रीचे सव्वादोन.
मनुके निवडायचं यंत्र सलग पाचव्या रात्री
अडखळलं, दोनदा. मालक म्हणतात बोर्डच बदला.
बोर्ड जर्मनीहून येतो.
मी म्हटलं, आधी बघू तर द्या.

बघायचं कसं ते गांगुर्डे सरांनी शिकवलं,
सातपूरच्या आयटीआयमध्ये, खिडकीच्या काचांना
वर्तमानपत्रं चिकटवून, हिरव्या रेघेच्या सीआरओवर.
लाट पळत असायची. सर लेव्हलची गुंडी
केसाएवढी फिरवायचे, की ती जागच्या जागी उभी.
"ती थांबलेली नाही गं. आपण तिच्या चालीत आलोय."

त्या सीआरओची एक खोड होती:
पुन्हा पुन्हा येईल तेवढंच त्याला दिसायचं.
एकदाच येऊन गेलेलं काचेवर उमटायचं
आणि पापणी लवेस्तोवर विझायचं.
सर त्याला पाहुणा म्हणायचे. पाणीसुद्धा न पिता गेलेला.

माझा हा नवा, जेवणाच्या डब्याएवढा.
सात हप्ते राहिलेत.
एक नंबरला डेटाची तार, दोन नंबरला पाच व्होल्ट.
डीकोड लावलं तर यंत्र काहीबाही बरळायला लागलं.
बरळत ते नव्हतं.
मी दुप्पट घाईने ऐकत होते,
एकोणीस हजार दोनशेवर.
नऊ हजार सहाशे केलं, एका बिटाला एकशेचार मायक्रोसेकंद,
तसं ते सरळ बोललं:
चार-एफ, चार-बी. चार-एफ, चार-बी.
म्हणजे ओके. दर सेकंदाला एक ओके,
कुणी विचारलेलं नसताना.

ट्रिगर लावला: स्टॉप बिट हरवला तरच. सिंगल.
कोपऱ्यात शब्द आला, तयार.

मग नुसतं बसणं.
सिंधू खैरनार पट्ट्याशी स्टूलावर, बोटं मनुक्यांनी चिकट.
"ते अडकतं ना ताई, त्याच्या आधी
ट्यूब जराशी दबती."
पाच रात्री ती हे सुपरवायझरला सांगतेय.

तीन वाजून अकरा.
पडदा गोठला.
ओनंतर एक लाल चौकोन, अक्षर मोडलेलं.

पण हा डबा मागचंही धरून ठेवतो.
सगळा वेळ लिहीत असतो, पुसत असतो, लिहीत असतो,
हाक आली की फक्त पुसणं थांबवतो.
मी डावीकडे सरकत गेले. चार मिलिसेकंद मागे
दोन नंबरची रेघ खचलेली,
साडीला पाय अडकावा तशी.
भिंतीपलीकडच्या गाळ्यात कंप्रेसर उठत होता.

सिंधूला बोलावून दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"हेच म्हणत होते मी."
नोंदवहीत आधी तिचं नाव लिहिलं, खाली माझं.

कपॅसिटर बसवताना डागाचा धूर डोळ्यांत गेला.
सर शेवटचे भेटले ते पपया नर्सरीच्या स्टॉपवर,
बस समोर येऊन ठेपलेली, मागे हॉर्न.
ते काहीतरी म्हणाले. एकदाच.
माझ्या सोल्डरिंगबद्दल होतं, एवढं नक्की.
मी "काय सर?" म्हणेपर्यंत दार लागलं,
आणि दिवाळीनंतर तर फोनच आला त्यांच्या मुलाचा.

त्या क्षणी मी कशावरच लावलेली नव्हते.
आधीचं मात्र सगळं आहे:
पिशवीतून डोकावणारी मेथी,
चष्मा वर ढकलणारं, फ्लक्सने पिवळं पडलेलं बोट,
खाकरलेला घसा, घेतलेला श्वास.
तिथपर्यंत जाते.
पुढे सपाट रेघ.

पट्टा सुरू झाला. सिंधू हात धुऊन आली,
चहा अर्धा माझ्या झाकणात ओतला.
डबा पुन्हा लावून ठेवला, सिंगलवरच.
सहापर्यंत काही आलं नाही.
कोपऱ्यात तो शब्द तसाच.