तिरकी काडी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
बारा डोक्यांचं भरतकामाचं मशीन
माझ्या हाताखाली आहे.
बारा डोकी एका वेळी एकच हत्ती भरतात
सोंडेपासून शेपटीपर्यंत, नऊशे टाके.

ऑर्डर शाळेच्या गणवेशांची.
देश आफ्रिकेच्या अगदी पोटातला,
कुठूनच समुद्र लागत नाही त्याला.
आपल्या सोलापूरसारखा, म्हणाले यंबय्या मास्तर
आणि तंबाखू मळत राहिले.

खिशावर लावायचं त्यांचं राजचिन्ह:
हिरव्यावर हत्ती, पांढऱ्यावर गोरखचिंच,
पिवळ्यावर तीन हिरे,
निळ्यावर काळा हात.
मधोमध तांबड्यावर अख्खी आफ्रिका
माझ्या नखाएवढी, तिच्यावर चांदणी.
धागा बदलायला मशीन थांबतं
तेवढ्यात मी पाणी पिऊन घेते.

हाताचं काही कळेना मला.
तो मागत नाही, मारत नाही,
नुसतं बोट दाखवतो.
हजेरीवाला असेल की, पद्मजा म्हणाली.

पहिला लॉट परत आला. तीनशे नग.
सोबत मंत्रालयाचा कागद, गोल शिक्का,
आणि लाल पेनानं घातलेली दोन वेटोळी.
खालच्या पट्टीवर तीन फ्रेंच शब्द आहेत,
मास्तरांनी फोनवर अर्थ काढला:
एकी, प्रतिष्ठा, काम.
एकीवरची तिरकी काडी राहिली होती,
प्रतिष्ठेवरचीही.
काम तेवढं बिनचूक.
कामाला मात्राच लागत नाही.

एवढ्याशा काडीसाठी! शेठ भडकले.
पण मानातला काना गेला
तर नुसतं मन उरतं,
ते पीसरेटला कसं धरणार?
एका काडीला चौदा टाके जादा.
रेट तोच.

तिथं सरकार कुणाचं, मी विचारलं.
राष्ट्रपती आहेत म्हणे, संसद आहे,
राजधानी नदीच्या काठावर.
आमच्या विडी घरकुलात सरकार
पाच दिवसांतून एकदा नळाला येतं,
रात्री दोनला, रिकाम्या घागरीत वाजत.
नदीकाठच्या त्या गल्लीत
कितव्या दिवशी येत असेल?

वर सूर्य आहे. त्याच्याजवळ अजून एक ओळ.
ही फ्रेंच नाही, त्यांच्या घरातली, सांगो भाषेतली:
जो क्वे जो.
वाचलं, आणि मशीनचं बटण दाबायचं राहिलं.
आपल्याकडं जो म्हटलं की मागून तो यावा लागतो.
जो उशिरा येईल त्याची अर्धी हजेरी.
जो बोलेल तो उद्यापासून घरी.
कान तो ची वाट बघत बसला
आणि जो च्या पुढं आला जो.
माणूस म्हणजे माणूस, असा अर्थ म्हणे.
कोणताही. प्रत्येक.

घरी सासूला सांगितलं.
सूप मांडीवर, आठशे झाल्या होत्या, दोनशे बाकी.
विडीचं तोंड दुमडत, वर न बघता म्हणाली,
मनिषंटे मनिषे.
मग थोड्या वेळानं:
हे शिवून घ्यायला सोलापूरला कशाला यावं लागतं गं?

परत आलेल्या तीनशेतला एक बिल्ला
मी पदराला लावून आणला.
बाकीचे मशीन पुसायला गेले,
हत्तीनं तेल टिपलं, गोरखचिंचेनं टिपलं.

आज पाण्याची रात्र.
उंबऱ्यात बसले, पिवळा धागा ओवला.
काडी हातानं घालायला अवघड,
कापड जाड, अक्षर मुंगीएवढं,
चष्मा लागणार आता बहुतेक.
एकीची काडी झाली.
प्रतिष्ठेची निम्मी झाली होती
तेवढ्यात नळ खोकला.

सुई शब्दातच टोचून
उठले.