साडेपाच

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्याकडे,
पहाटे साडेपाचला. आधी नुसती हवा.
नळ खाकरतो, थुंकतो, दोन घोट गढूळ टाकतो,
मग धार धरतो.

एकतीस वर्षं अप्पांनी सोडलं हे पाणी.
रेवणसिद्ध बिराजदार, व्हॉल्व्हमन, झोन चार.
खांद्यावर लांब दांड्याची चावी, हातात पाच फुटी सळई.

सळईचं एक टोक रस्त्याला, एक कानाला.
शेजारच्या शेडमध्ये माग धडधडत असायचे,
टेम्पोत चादरींचे गठ्ठे चढत असायचे,
आणि अप्पा डोळे मिटून
डांबराखालचं पाणी ऐकायचे.
"हितं फुटलंय. दोन हात फुडं खणा."
फुटलेलंच असायचं.

काल सात रस्त्यावर, सोनोग्राफीच्या खोलीत
पोटावर गार जेल चोपडून
एका पोरसवद्या डॉक्टरनं त्यांनाच तसं ऐकलं.
पडद्यावर महाधमनी,
बेंबीच्या वर मधेच फुगलेली, दुधी भोपळ्यासारखी.
चार पूर्णांक आठ सेंटिमीटर.
लाल म्हणजे इकडे येणारं, निळं म्हणजे दूर जाणारं.
एकाच ठोक्यात दोन्ही.

मी हेच शिकवते केगावच्या कॉलेजात,
दुसऱ्या वर्षाला, खडू मोडेपर्यंत:
नळी रुंदावली की वेग उतरतो,
वेग उतरला की दाब चढतो.
आणि प्रवाह ठोक्याठोक्यानं येत असेल
तर ओसरत्या ठोक्याला भिंतीलगतचा थर
दमतो, थबकतो, उलटा फिरतो.
मधली धार पुढे निघून जाते,
कडेला भोवरा मागेच राहतो,
तळ्याच्या कोपऱ्यात सिद्धेश्वराचं निर्माल्य
गोल गोल फिरत राहावं तसा.

मग लिहिते: भिंतीतला ताण दाबाबरोबर वाढतो,
आणि त्रिज्येबरोबर.
म्हणजे फुगेल तितकी ओढली जाईल,
ओढली जाईल तितकी फुगेल.
पोरं वहीत उतरवून घेतात.
पुढे काय, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

रिक्षात अप्पांना सांगू लागले तर म्हणाले,
"दाजी पेठेत सहा इंचीला नऊ इंची जोडलीय की.
थितं गाळ बसतोय. अंगालाच बसतोय, मधनं पाणी जातंय.
नवे सायेब म्हणले, खरडून काढा.
मी म्हणलं, नका. पाइप कवाच गेलाय,
गाळानंच धरून ठेवलंय."

रिपोर्टात तिसऱ्या ओळीत होतं:
भिंतीलगत गुठळीचा थर.
तो धरून ठेवतो की आतून पोखरतो,
यावर शोधनिबंधांत अजून भांडणं चालू आहेत.
मी गप्प बसले.

"मागं व्हॉल्व्ह असंल की याला?"
आहे. हृदयात. मिनिटाला बहात्तर वेळा उघडतो, मिटतो.
"सुट्टी?"
नाही.
"रिटायर?"
मी रिक्षाच्या मीटरकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले होते, साडेपाच झाले की ऑपरेशन.
तोवर सहा-सहा महिन्यांनी मोजायचं.
रक्तदाबाची गोळी. बिडी बंद.
साडेपाच म्हटल्यावर अप्पांनी
सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

आज पाचवा दिवस.
नळ खाकरला तेव्हा ते आधीच उठून बसलेले.
मी एकदम सोडायला गेले,
तर त्यांचा हात माझ्या हातावर.
"हळू. धक्का बसतोय पाइपाला."
पाव आटा, मग अर्धा. पिंप भरत गेलं.

दुपारी झोपले. बनियन वर सरकलेलं.
बेंबीच्या वर कातडी उडत होती, किंचित,
शेडमधल्या मागांशी तिचा काही मेळ नव्हता.

सळई दाराआड आहे, गंजलेली.
काढली. कानाकडचं टोक पदरानं पुसलं.
परत ठेवून दिली.