दोन टक्के

म्हसा, धसई, टोकावडे आणि मधले पाडे.
माझ्या वाट्याला बावीस शाळा, एक स्कूटी,
तिला आरसा एकच, तोही उजवा.
ऑर्डर अकरा महिन्यांची.
बारावा महिना मुलांनी आपापला काढायचा.

पिशवीत मण्यांची पाटी,
खरकागदाची मुळाक्षरं,
बटणाएवढ्या सहा बॅटऱ्या
आणि तो तक्ता: एकवीस प्रकार, एकवीस चौकोन.
गोरक्ष आगिवले कुठल्या चौकोनात बसतो
मला अजून कळलेलं नाही.
तो बाकावरही बसत नाही.
खिडकीशी उभा राहून
वीटभट्टीचे ट्रॅक्टर ओळखतो
आवाजावरून,
वळणावर दिसायच्या आधी.

"मॅडम, तुमचा आलाय आज,"
गुरुजी सांगतात.
तुमचा. तुमची. तुमची ती दोघं.
अशी माझी एकशे चौतीस.
घरी एक आहे, ती दप्तर भरताना विचारते,
"आज कुणाची आई आहेस?"

मंगळवारी यमुनाकडे.
तिचं श्रवणयंत्र तांदळाच्या डब्यात असतं,
दमट झालं की कुईं करतं म्हणून.
"परवा शिजलंच असतं, बाय,"
तिची आई हसत सांगते,
आणि मापटं भरताना बोटांनी चाचपते.
बाप दारात आला, बोलू लागला,
की यमुना यंत्र हळूच काढून
मुठीत धरते.
मी पाहिलं.
भेटीच्या वहीत लिहिलं नाही.

मग ठाण्याच्या सिव्हिलमधलं शिबिर.
पहाटे साडेतीनची जीप,
सतरा मुलं, नऊ आया, एक चुलता,
भाकऱ्या, कॅलिपरचा कुरकुराट,
आणि माळशेजकडून आलेली थंडी
सगळ्यांच्या मांडीवर.
डॉक्टरांनी गोरक्षला चित्रं दाखवली.
हे काय? आणि हे?
तो गप्प.
पाचव्या चित्राला म्हणाला,
"खाली ती मघाचीच गाडी आली. तिचा पट्टा ढिला हाये."
खाली खरंच अॅम्ब्युलन्स लागली होती.
कुणी वाकून बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

अडतीस टक्के.
चाळीस लागतात
पाससाठी, भत्त्यासाठी, कार्डासाठी.
त्याची आई बाकावरून उठली,
ओच्याची गाठ सोडत माझ्याजवळ आली,
अगदी हळू आवाजात:
"बाय, दोन टक्के कुठं भेटतात?
कितीला?"

मी काय सांगणार होते.
खरं सांगायचं तर त्या क्षणी
मला वाटून गेलं:
पोर आणखी थोडं कमी असतं तर.
फक्त दोनाने कमी.
पाच वर्षं मी त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवलं,
वर्तुळ पुरं करायला शिकवलं,
आणि आता रांगेत उभी राहून
तेच परत मागत होते.
नळावर जाऊन तोंड धुतलं.
चव गेली नाही.

परतताना जीपमध्ये सगळी झोपली.
गोरक्ष जागा.
समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचं
काहीतरी बिघडलेलं होतं, आणि तो सांगत होता,
कुणाला नाही, काचेला.

पुढच्या सोमवारी मी शाळेत पोचले
तर तो फाटकाशी.
"दहा मिनिटं झाली," गुरुजी म्हणाले,
"वर्गातून उठला, बाय आली म्हणाला.
आम्हाला तर काही ऐकू आलं नाही."
तो माझ्याकडे बघत नव्हता.
बघतच नाही कधी.
मागच्या चाकाशी बसून म्हणाला,
"तार चाललीय."

सरळगावच्या मेकॅनिकनं
ब्रेकची तार ओढून हातावर ठेवली.
"बाई, घाट उतरून आलात ह्यावर?"
पाच-सहा धागे तेवढे शिल्लक होते,
बाकीचे कधी तुटले
मला कळलं नव्हतं.
पासष्ट रुपये झाले.

फेरतपासणीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
मुलाला काय येत नाही, त्यासाठी
एक पान अख्खं मोकळं आहे.
काय येतं, त्याला रकाना नाही.
समासात लिहिलंय मी, पेन्सिलीनं,
बारीक अक्षरात.
कुणी खोडू नये.