जोड्या लावा

प्रश्न तिसरा, गुण पाच.
अ गटात चिन्हं, ब गटात धोरणं.
निवृत्तीला अडीच महिने; ही माझी शेवटची प्रश्नपत्रिका.
टेबलावर डिचोलीच्या खाणींची लाल धूळ,
कुठल्याच जाहीरनाम्याने न पुसलेली.

पुस्तक म्हणतं, समान विचारांची माणसं
एकत्र आली की पक्ष तयार होतो.
तेहेतीस वर्षं मी हे वाक्य मुलांना अधोरेखित करायला लावतो आहे.
एक म्हणतो, बाजार मोकळा सोडू.
एक म्हणतो, सरकारनेच पुढे व्हावं.
एक धर्माचं नाव घेतो, एक न घेण्याची शपथ.
एकाला गोवा गोंयकारांचाच हवा,
आणि एकाचं काही ठरायचं आहे अजून,
पण टिंटोवर त्याने कार्यालय भाड्याने घेतलंय.

गेल्या वर्षी दहावी ‘ब’मधली लतिशा च्यारी उभी राहिली.
तिच्या दारावरचा झेंडा तीनदा बदललेला,
बांबू तोच.
“सर, आमदार तिकडे गेला
की आमच्या घरची चार मतं कुठे जातात?”
वर्ग हसला. मी फळा पुसला.
खडूचा भुगा बराच वेळ
खिडकीतल्या उन्हात ठरवत होता, कुठे बसायचं.

कायदा मीच शिकवला होता तिला:
एकटा गेला तर फुटला,
तिघांतले दोघे गेले तर विलीन झाले.

विलीन.
हा शब्द फळ्यावर लिहिताना
दरवर्षी माझा हात थोडा थांबतो.

सदुसष्टचा जानेवारी. मी तीन वर्षांचा,
म्हणजे हे सगळं ऐकीव.
फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन,
दोन पानं म्हणजे वेगळं राहणं.
बाबा मराठी शाळेत मास्तर.
सायकलच्या हँडलला कागदी फूल बांधून
मये, पिळगाव, नार्वे पालथं घातलेलं त्यांनी,
घसा बसला तेव्हा लोकांच्या भिंतींवर
खडूने लिहीत सुटले: विलीनीकरण,
दीर्घ ऱ्हस्व सगळं सांभाळून.
शेजारचा कायतान दोन पानांचा.
दोघांचं बोलणं बंद,
पाणी मात्र आम्ही त्याच्याच विहिरीचं भरत होतो.

आईचं नाव शेवंती.
बाबा म्हणाले, तुझं नावच फूल,
शिक्का कुठे मारायचा ते तुला काय सांगायचं!
आई हसली, पदर सारखा केला
आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

फूल हरलं.
बाबांनी सायकल महिनाभर
अंगणात उलटी करून ठेवली.

त्यांच्या वर्षश्राद्धाला, पत्रावळी उचलता उचलता
आई म्हणाली, आमटीत मीठ कमी पडल्यासारखं:
“हांवें दोन पानांचेर मारिल्लो रे शिक्को.”
मी विचारलं, का?
“म्हाका मुंबय पयस दिसली. तितलेंच.”

इतकी वर्षं
त्यांच्या पूजेची फुलं तिनेच काढली,
जेवणानंतर विडाही तिनेच लावून दिला.
त्यांना काही कळलं होतं का, ठाऊक नाही.
एकदा फक्त, विडा तोंडात घालताना
ते तिच्याकडे बघत राहिले होते
जरा जास्तच वेळ.

ती हे कोंकणीत बोलली. मी मराठीत लिहितो आहे.
मला कोणत्या गटात टाकायचं
ते परीक्षकाने ठरवावं.

बारा वाजत आलेत. बाहेर टिपर थांबलेत.
उद्या पेपर छपाईला जाईल.
अ गटात मी सहावी ओळ वाढवली आहे:
बांबू.
ब गटात तिच्यासमोर काही नाही.
मुख्याध्यापक खोडतील बहुतेक.