मान हलवू नका

तिस्कावर माझ्या सलूनात दोनच खुर्च्या.
एकीचा हात मोडलाय,
त्यामुळे जगाविषयीची मतं
बहुतेक दुसरीत बसूनच सांगितली जातात.

मान हलवू नका, मी म्हणतो.
पण तैवान म्हटलं की उल्हासबाबांची मान हलतेच.
पतसंस्थेत तीस वर्षं कॅशियर होते.
नोटा मोजाव्यात तशी लढाऊ जहाजं मोजतात,
चीनची इतकी, अमेरिकेची इतकी,
आणि मधेच अंगठा जिभेला लावतात.

विष्णू गावस म्हणतो, बहिष्कार घाला.
त्यांचा खिळासुद्धा घरात नको.
त्याच्या मानेमागून माझं मशीन गुणगुणत वर चढतं.
ते कुठल्या देशाचं, मी सांगत नाही.
अजून अर्धं डोकं व्हायचंय.

बापानं शिकवलेला धंद्याचा नियम एकच,
वस्तरा गळ्याशी आहे तोवर गिऱ्हाइकाचं खरं.
म्हणून सकाळी मी रशियाच्या बाजूचा,
जेवणाआधी युक्रेनच्या,
आणि रविवारी गर्दी असली
की जो खुर्चीत त्याचा.

तसा चीन मला ठाऊक आहे. केसांतून.
त्यांना लोखंड हवं होतं ती वर्षं आठवा.
एकाच्या शेपटीला दुसरा असे ट्रक जायचे,
ड्रायव्हर आत यायचे भुवयांपर्यंत लाल.
एका डोक्याला तीन पाणी लागायचं.
जी माती बार्जीत बसून मुरगावला,
तिथून बोटीनं कुठल्याशा भट्टीत जायची,
तिच्यातली रोजची चिमूट चिमूट
मी माझ्या मोरीत सोडली.
तेवढं पोलाद त्यांना कमी पडलं असेल.

मग खाणी थांबल्या.
उभ्या ट्रकांच्या चाकांतून गवत वर आलं.
केस पूर्वीइतकेच वाढत होते,
पण लोक दोन-दोन महिने कापेनात.

कैतान बोलत नाही.
नऊ महिने बोटीवर, तीन घरी.
उल्हासबाबा त्याला साक्षीला ओढतात,
तू सांग रे, तू तर पाहिलंयस.
तो आरशातूनच म्हणतो,
आमच्या इंजिनात एक रशियाचा होता, एक युक्रेनचा.
मग?
मग काय. पंप बिघडला की एकानं बॅटरी धरायची, एकानं पाना.
भांडत नव्हते?
भांडायचे. पंख्यावरून.
आणि तांबड्या समुद्रात?
डेकवरचे दिवे बंद होते, एवढं म्हणतो,
आणि थोड्या वेळानं,
कुणी काही विचारलेलं नसताना,
बायकोला मेसेज टाकला मी. गॅस संपला का म्हणून.

माझ्या खणात कात्र्यांखाली बापाची वही आहे.
एकसष्टच्या डिसेंबरात दुकान फोंड्याला होतं.
खुर्चीत एक पाखलो शिपाई, पोरसवदा,
एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस.
बाहेर कुणी ओरडलं, पूल उडवला!
तो उठला, बंदूक घेतली, गेला तसाच.
साडेचारशे वर्षांचं राज्य गेलं
आणि त्याच्या गळ्यात आमचा टॉवेल.

बापानं रात्री दिव्याजवळ लिहून ठेवलं,
पाखलो, अर्धी दाढी. टॉवेल एक. येणे.
पुढं पैसे बदलले, झेंडा बदलला,
वहीतली कितीतरी नावं मेली, त्यांवर रेघा आल्या.
त्या ओळीवर त्यानं रेघ मारली नाही.
मीही नाही.
कधी कधी वाटतं, तोही म्हातारा झाला असेल कुठंतरी,
आपल्या सलूनात बसून
जगाचं काय होणार ते सांगत असेल.

बाकावर आवाज चढलाय.
शेवटी जिंकणार कोण, तू सांग, उल्हासबाबा म्हणतात,
आणि उत्तरासाठी माझ्याकडे वळू लागतात.

मान हलवू नका, बाबा.
डावी बाजू राहिलीय.